पाईप लिंपण्याआधी मामाजींची बाज हलवा

काका, नमस्कार. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. दोन हजार पक्ष्यांचं ब्रॉयलरचं शेड आहे, करारावर. आधी पिल्लांना ऊब द्यायला कोळशाच्या शेगड्या ठेवायचो. मागच्या हिवाळ्यात पंख्यावर चालणारी पेलेटची (भुसा दाबून केलेल्या कांड्यांची) भट्टी घेतली, जुनीच, पण चांगली आहे. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे, पेलेट वापरतो. भट्टीच्या मागून तीन इंची पत्र्याचा पाईप पाच फूट वर नेला, तिथून आडवा बावीस फूट शेडमधूनच फिरवला, म्हणजे पाईपचीही ऊब मिळेल, आणि शेवटी बेंड देऊन बाहेर काढला. एकूण बेंड तीन. पण प्रत्येक जोडातून धूर गळतो. एम-सील लावलं, ते जळून काळं पडलं. व्हाइट सिमेंट लावलं, आठ दिवसांत तडकलं. चंदेरी टेप गुंडाळली, तिचा डिंक वितळून ओघळला. लाईन गेली की तर शेडभर धूर होतो. मामाजी जागलीला शेडमध्येच झोपतात. ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या, दिवसांत सकाळी त्यांचं डोकं जड असायचं, मळमळायचं, वावरात गेले की बरं वाटायचं. हे म्हणतात, थोडाफार धूर तर होणारच. बॅच कालच उचलली, पुढची पंधरा दिवसांत येईल. असं काय लावू की एकदाचा धूर बंद होईल?
— एक वाचक भगिनी

ताई, पत्रात पाईपवर दहा ओळी आहेत आणि मामाजींवर दोन. मी त्या दोन ओळींपासूनच सुरू करतो.

शेड रिकामं आहे आणि भट्टी थंड आहे, हे बरं झालं. पण ती पुन्हा पेटेल त्या रात्री मामाजींची बाज शेडमध्ये नको. पाईप मी स्वतः येऊन बसवून दिला तरी नको. रात्रभर आत झोपल्यावर डोकं जड, मळमळ, आणि मोकळ्या हवेत गेल्यावर आपोआप उतार, ही कार्बन मोनॉक्साइडची ओळखीची खूण आहे. ते पित्त समजून लिंबूपाणी घेत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा.

धुराचं एक बरं असतं. तो दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस खोकत उठतो. या वायूला ना रंग, ना वास. निखारे कमी हवेवर धुमसत असतात तेव्हा धूर जवळपास नसतो आणि हा वायू मात्र भरपूर असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की सुटायला तास न् तास लागतात. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, ती झोपच खोल होत जाते. तुमच्या जुन्या कोळशाच्या शेगड्यांतही हे होतंच. तेव्हा पडदे जुने, फाटके असतील, हवा खेळती राहिली असेल, म्हणून निभावलं.

कोरोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलंय. या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्या यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं, ते आरामात ९८ दाखवतं. भट्टी चालू असताना आत कुणी गुंगल्यासारखं दिसलं, बोलणं जड झालं, तर आधी उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना भट्टीची गोष्ट न विसरता सांगा. सांगितलं नाही तर त्यांना सुचेलच असं नाही. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. पेलेटच्या दोन-चार पोत्यांआधी तो घ्या.

तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा. ‘थोडाफार धूर होणारच’ हे त्यांचं म्हणणं चुलीबद्दल आहे, आणि चुलीबद्दल ते खरंही आहे. पंख्याच्या भट्टीचा कारभार उलटा असतो, तो आता सांगतो.

चुलीच्या धुराड्यात गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि मागून खोलीतली हवा ओढून घेते. म्हणजे धुराड्याच्या आत ओढ असते. अशा पाईपला भोक पडलं तर खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर पडत नाही. म्हणून गावचा टिनवाला जोड सैल ठेवतो तरी चालून जातं. तुमच्या भट्टीतला पंखा जळालेली हवा पाईपमध्ये ढकलतो. पाईपच्या आत दाब असतो, सायकलच्या ट्यूबमध्ये असतो तसा, फार थोडा, पण असतो. मग टाचणी जाईल एवढी फट दिसली की धूर तिथून बाहेर. आणि पुढची वाट जितकी लांब आणि वाकडी, तितका मागे दाब जास्त. जे धुराडं चुलीवर वीस वर्षं चाललं असतं, तेच या भट्टीवर पहिल्या दिवशी गळतं.

पेलेटच्या भट्ट्यांच्या माहितीपुस्तकांत यासाठी एक हिशेब असतो. अंगणात काडीनं करता येईल इतका सोपा आहे. आडवा पाईप फुटाला एक, उभा पाईप फुटाला अर्धा, काटकोनी बेंड किंवा टी (तीन तोंडांचा जोड) प्रत्येकी पाच. बेरीज १५ च्या आत असेल तर तीन इंची पाईप चालतो, पुढे गेली तर चार इंची लागतो. तुमचा हिशेब करू. आडवा पाईप २२. उभ्या पाच फुटांचे अडीच. तीन बेंडचे १५. झाले ३९.५! तीन इंची नळीत फुंकून त्या बिचाऱ्या पंख्यानं साडेएकोणचाळीस फुटांचा दम टिकवावा अशी तुमची अपेक्षा आहे.

समजा, तुम्हाला बाजारातलं सगळ्यात भारी सील मिळालं आणि सगळे जोड गच्च बंद झाले. मग धूर जाईल कुठं? हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीच्या, झाकणातून, दाराच्या कडेतून, पेलेट पडतात त्या नळीतून उलटा येईल. उलट आलेली आच हॉपरमधल्या पेलेटला लागली तर गोष्ट पाईपच्या गळतीवर थांबत नाही, आणि खाली धानाचं तूस अंथरलेलं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा आधी वाट मोकळी करायची, सील मग.

पाईप शेडमध्ये फिरवण्यामागचा विचार मला कळतो. इतकं गरम बाहेर का सोडायचं? कोळशाच्या बुखारीला लोक असं करतात. पण पेलेटच्या भट्टीत ऊब काढून घ्यायचं काम आतल्या नळ्या आणि पुढचा पंखा करतात, मागून निघते ती उरलीसुरली. पाईप आखूड केल्यावर थोडी ऊब जाईल, खोटं कशाला बोलू? पण बावीस फूट थंड होत गेलेल्या धुरातलं पाणी आणि डांबर पाईपच्या आत बसतं, त्यावर उडती राख चिकटते, तीन इंचांचे दोन इंच होतात. मिळाली त्याच्यापेक्षा जास्त ऊब तिथंच अडते.

मी तुमच्या जागी असतो तर भट्टी टोकाच्या विटांच्या भिंतीकडे सरकवली असती. ब्रूडिंगसाठी शेडचा तेवढाच भाग आडोसा लावून वापरता ना? मग तो भाग त्याच टोकाला करा. भट्टीच्या मागून सरळ दोन फूट आडवा पाईप, फुटामागे पाव इंच बाहेरच्या बाजूला चढता. भिंतीबाहेर टी. टीच्या खालच्या तोंडाला काढता येईल असं झाकण, वरच्या तोंडावर दहा फूट उभा पाईप, त्यावर टोपी. हिशेब: दोन, अधिक पाच, अधिक पाच, झाले १२. जोडही निम्म्याहून कमी. गळायला जागाच कमी राहील, मग सील कामाला येईल. वरचं तोंड छपराच्या कडेपेक्षा निदान दोन फूट उंच ठेवा आणि ज्या बाजूला तुमचं कुटार किंवा पऱ्हाटीचा ढीग असतो ती बाजू टाळा. टोपीला ठिणगी अडवायला जाळी लावली तर ती दर आठवड्याला झाडावी लागेल, राखेनं पंधरा दिवसांत बंद होते. एकपदरी पाईपपासून लाकूड, बांबू, ताडपत्रीचा पडदा दीड फूट लांब हवा. भिंतीत पाईप जाईल तिथं भोक मोठं ठेवून लोखंडी बाही बसवा. पाईप थेट सिमेंटनं भिंतीत चिणून टाकू नका. का, ते खाली येईल.

तुमची तीन औषधं का हरली? एम-सील ही इपॉक्सीची पुट्टी. पाण्याची टाकी, नळ, यांच्यासाठी उत्तम. भट्टीच्या पाईपवर ती टिकतच नाही, तिचा दोष नाही, आपण चुकीच्या कामाला लावली. टेपचंही तेच. वरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा टिकतो, खालचा डिंक नाही. सिमेंटची गोष्ट मात्र वेगळी आहे. सिमेंट उष्णता सोसतं, पाईपचं हलणं सोसत नाही. दहा फूट लोखंडी पाईप थंड असताना आणि दोनशे अंशांनी तापल्यावर, यात जवळपास सात मिलिमीटरचा फरक पडतो. रोज संध्याकाळी तो बोटाच्या अर्ध्या रुंदीएवढा लांबतो आणि सकाळी आखडतो. कडक काहीही लावा, ते आठ दिवसांत तडकणारच. जोडाला लवचीक काहीतरी हवं, आणि भिंतीत पाईपला सरकायला जागा हवी.

लवचीक म्हणजे जास्त तापमानाचं सिलिकॉन. बहुतेक लाल किंवा काळ्या रंगात मिळतं, गाड्यांच्या इंजिनला वापरतात ते. ट्यूबवर २६० किंवा ३०० अंश सेल्सिअस असं लिहिलेलं असलं पाहिजे. बाथरूमच्या टाइल्सना लावतात ती पांढरी ट्यूब घेऊ नका, दिसायला सारखीच असते. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्यातलं आम्ल जस्ताच्या पत्र्याला खातं. जमलं तर बिनवासाची ट्यूब मागा.

आणि पत्र्याचंच म्हणाल तर तुमचा पाईप बहुधा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा असेल. सतत दोनशे अंशांच्या वर तापला की त्याचा जस्ताचा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, आणि सुटणाऱ्या थरावर कोणतंही सील धरत नाही. भट्टीपासून पहिले तीन-चार फूट तरी स्टेनलेस स्टीलचे करून घ्या. फॅब्रिकेशनवाल्याला उभी शिवण वेल्डिंगची मागा. आपला टिनवाला पत्र्याच्या कडा एकमेकींत घडी घालून शिवण मारतो. ती पावसाच्या पन्हाळीला ठीक. या पाईपला गोल जोड राहू द्या बाजूला, ती उभी घडीच लांबच्या लांब गळते. तुम्ही जोडांवर एम-सील लावत होता तेव्हा धूर शिवणीतून निघत असेल, मला दाट शंका आहे.

म्हणून आधी गळती शोधा, डोळ्यांनी. भट्टी थंड असताना फक्त पंखा चालू करा. वाटीत साबणाचं दाट पाणी करून ब्रशनं प्रत्येक जोडाला आणि शिवणीला लावा. जिथं बुडबुडे फुगतात तिथं खडूनं खूण. दुसरी तऱ्हा रात्रीची. मूठभर कडुनिंबाचा ओला पाला भट्टीच्या निखाऱ्यावर टाकून दार लावायचं, शेडमधले दिवे बंद, आणि पाईपच्या बाजूनं बॅटरीचा झोत मारायचा. गुरांच्या कोठ्यात डास पळवायला करतो तसा धूर होईल आणि झोतात बारीकशी रेघसुद्धा दिसेल. हे करताना पडदे वर, दारं उघडी, आत एकट्यानं थांबायचं नाही. पाईपवर तपकिरी किंवा काळ्या रेघा आधीच उमटलेल्या असतील तर त्याही तेच सांगताहेत.

दार आणि हॉपरचं झाकण तपासायला दहाची नोट पुरते. नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर दाराच्या कडेला फट बुजवायला बसवलेली दोरी त्या जागी दबली आहे, बदला. चारी बाजूंना करा. जुनी भट्टी घेतली म्हणता, म्हणजे दोरी चपटी झालेली असणारच. बदलीची दोरी सिरॅमिक किंवा काचेच्या तंतूची मागा. दुकानदार ‘हीच टिकते’ म्हणून ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी पुढे करेल. घेऊ नका, तिचे तंतू फुफ्फुसात जाऊन बसतात ते निघत नाहीत. अमरावतीला किंवा अकोल्याला जिनिंगचं आणि बॉयलरचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा, किराणा-हार्डवेअरमध्ये मिळणार नाही.

जोड बसवताना घाई करू नका, निम्मं यश घासण्यात आहे. दोन्ही टोकं तारेच्या ब्रशनं घासून काजळी काढा, मग थिनरच्या फडक्यानं पुसा, पुसल्यावर बोट फिरवून पाहा, काळं लागलं तर पुन्हा पुसा. आत जाणाऱ्या टोकावर, काठापासून अर्धा इंच सोडून, सिलिकॉनची अखंड वळी फिरवा, हातावरच्या शेवईपेक्षा जाड, करंगळीपेक्षा बारीक. मग पाईप थोडा पिळत आत सरकवा, निदान दीड इंच. बाहेरून पुन्हा एक वळी, ओल्या बोटानं दाबून गुळगुळीत. तीन बाजूंनी तीन छोटे स्क्रू, म्हणजे जोड हलणार नाही. पाईप दुपदरी असला तर स्क्रू फक्त बाहेरच्या पदराला, आतल्याला भोक पाडायचं नाही. उभ्या पाईपचे तुकडे जोडताना वरच्याचं तोंड खालच्याच्या आत जाऊ द्या. टिनवाला उलट करेल, पावसाचं पाणी बाहेरून ओघळावं म्हणून. इथं ओघळणार आहे आतलं काळं पाणी, ते आतच राहिलं पाहिजे.

भट्टीच्या गळ्याशी, म्हणजे पहिला पाईप जिथं भट्टीला लागतो तिथं, आच सगळ्यात जास्त आणि सिलिकॉनचा भरवसा कमी. तिथं सिरॅमिक दोरीचे दोन वेढे खोलगटीत ठासायचे, वरून भट्टीचं सिमेंट लिंपायचं आणि पट्टीचा क्लॅम्प आवळायचा. हलणं दोरी सोसते, आच सिमेंट सोसतं. टीच्या खालच्या झाकणाला मात्र सिलिकॉन लावून ते कायमचं बंद करू नका! लोक हेच करतात आणि मग वर्षभर राख काढत नाहीत. त्याला दोरीची चकती आणि दोन फुलपाखरी नट, हातानं उघडेल असं.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं वाळतं, उन्हानं नाही. आपल्याकडची कोरडी हवा त्याला मानवत नाही. मे महिन्यात हे काम निघालं तर मी कूलर समोर लावून देतो, लोक हसतात. तुम्ही बॅच गेल्यावर शेड धुता, चुना मारता, त्याच दोन-तीन दिवसांत करा. पाईप कोरडा, हवा ओलसर, असा मुहूर्त पुन्हा मिळत नाही. पेटवण्याआधी पूर्ण दोन दिवस जाऊ द्या. पहिल्या आचेला वास येईल, तो पडदे वर करून, शेड रिकामं असताना जाऊ द्यायचा.

सफाईचं एक माझ्यावरच गुदरलेलं सांगतो. नोकरीत असताना एका ओळखीच्या माणसाच्या खानावळीतली अशीच भट्टी गळत होती. मी आयटीआयचा पत्राकामाचा मास्तर, मला काय सांगता, म्हणून सगळे जोड पुन्हा केले, सील केले, चहा घेतला. पेटवली तर धूर दुप्पट! दोन तास सगळं तपासलं. शेवटी वरची टोपी काढली तर आत साळुंकीचं घरटं, सुतळी, चिंध्या आणि कुणाच्या तरी सलवारची नाडी. भट्टी उन्हाळाभर बंद होती, तिनं आपलं घर केलं. तेव्हापासून मी आधी टोपी काढतो. तुमची भट्टीही दिवाळीपर्यंत बंदच असते. टोपी पाहा, आणि भट्टीत ताजी हवा घेणारी नळीही पाहा. त्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, बाहेरून काही दिसत नाही, हवा कोंडते आणि भट्टी धुरकट जळते. पेटती असेल त्या दिवसांत टीचं झाकण आठवड्यातून एकदा उघडून राख काढा. पऱ्हाटीच्या पेलेटला लाकडाच्या पेलेटपेक्षा राख जास्त, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडून धानाच्या तुसाचे पेलेट स्वस्त मिळाले म्हणून आणाल तर जवळपास पाचवा हिस्सा राखच. पोतं उघडल्यावर हातात भुसा आला, पेलेट बोटांनी चुरडला गेला, तर त्याला ओल लागली आहे. तो धूरच करेल, कितीही सील लावा.

आता लाईन. तुमच्या गावात ती जाते, माझ्याही जाते, त्यावर बोलून उपयोग नाही. लाईन गेली की पेलेट पडणं थांबतं, पण भट्टीतल्या जळायच्या भांड्यात पडलेले धुमसत राहतात आणि पंखा बंद असतो. तुमचा आत्ताचा पाईप आडवा जाऊन आडवाच बाहेर पडतो, त्याला स्वतःची ओढ नाही. म्हणून धूर शेडमध्ये येतो. बाहेर दहा फूट उभा पाईप झाला की गरम हवा आपल्या आपण थोडीफार वर ओढली जाईल, चुलीच्या धुराड्यासारखी. म्हणजे जुन्या धुराड्याची अक्कल इथंही कामाला येतेच. शिवाय पंखा इन्व्हर्टरवर घ्या. पंख्याला फार वीज लागत नाही, पेटवायची कांडी जास्त ओढते, ती इन्व्हर्टरवर नको. लाईन गेल्यावर भट्टीचं दार उघडून ‘काय झालं’ पाहायचं नाही. वाऱ्याच्या उलट बाजूचे पडदे वरून हातभर उघडायचे आणि बाहेर यायचं.

पडद्यांवरून आठवलं. थंडी म्हणून पडदे खालपासून वरपर्यंत गच्च बांधत असाल तर ते सोडा, वरून निदान वीतभर फट राहू द्या. एक किलो पेलेट जळायला साधारण पाच घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट. ती भट्टी शेडमधूनच घेते, पिल्लंही तिथूनच घेतात. पहिल्या आठवड्यात ३३-३४ अंश धरून ठेवायच्या नादात हवा कोंडली की पिल्लं गळपटतात, आणि पुढे पक्षी मोठा झाल्यावर पोटात पाणी होतं, तेव्हा कुणाला ब्रूडिंगची आठवण राहत नाही. भिंतीवर हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर पडदे बंद ठेवून तो लावू नका, तो पाईपमधला धूर उलटा ओढेल.

कामाचा क्रम असा धरा. या आठवड्यात पाईप उतरवून झाडा, पंख्याची पातीही खरवडा, त्यांवर काजळीचा थर असतो. फॅब्रिकेशनवाल्याला आजच माप द्या, तो चार दिवस म्हणतो आणि आठ लावतो. पिल्लं येण्याच्या दोन दिवस आधी रिकाम्या शेडमध्ये भट्टी पेटवा, पडदे रोजच्यासारखे लावा, अलार्म बाजेच्या उंचीवर टांगा आणि सगळे बाहेर बसा. चार तासांत तो वाजला नाही, साबणाला बुडबुडा आला नाही, तरच बॅच घ्या.

मामाजींची जागल शेडच्या दारापासून वाऱ्याकडच्या बाजूला, टिनाच्या आडोशाला लावून द्या. चोराला आणि मुंगसाला तिथूनही ते दिसतील. रात्री पिल्लांचं तापमान पाहायला आत गेले तर पाच मिनिटांत बाहेर. आणि नवीन पाईपचा फोटो पाठवाल तेव्हा टीच्या खालचं झाकण दिसेल असा काढा.